बाईचा खोकला कोण मोजतं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त आरोग्य सेविकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. भाषा शक्यतो बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)



विषय दिलाय फुफ्फुसाच्या कॅन्सरचा. सभेच्या आधी तुमच्याकडनं चिठ्ठ्या मागवल्या होत्या, नाव न घालता. ते बरं केलं. तोंडावर कुणी विचारत नाही, चिठ्ठीत विचारतात. निम्म्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे: "आम्ही काय बिडी ओढत नाही, मग आम्हाला हा कॅन्सर कशाला होईल?"

बिडी-सिगारेट हे या रोगाचं सगळ्यात मोठं कारण, यात वाद नाही. पण आपल्या देशात फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी पुष्कळजणींनी आयुष्यात एकदाही बिडी हातात धरलेली नसते. मग धूर आला कुठनं? सोप्यात बसून घरधनी ओढतात, तो धूर सगळ्या घराच्या छातीत जातो. दुसरा धूर चुलीचा. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे. तिनं घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर नक्की कारण म्हणून धरलाय, आणि लाकूडफाट्याचा धूर "बहुधा कारण" या यादीत घातलाय. डिझेलचा धूर २०१२ साली आणि बाहेरची दूषित हवा २०१३ साली नक्कीच्या यादीत गेली. फौंड्रीतली वाळूची बारीक धूळ, म्हणजे सिलिका, तीही नक्कीच्या यादीत आहे. शिरोली, गोकुळ शिरगावला ज्यांच्या घरची माणसं कामाला जातात त्यांनी हे ध्यानात ठेवा. मास्क खिशात ठेवायला दिलेला नसतो. आणि काही जणींना यातलं एकही कारण नसताना होतो, हेही खरं. म्हणून "तुझ्याच कर्मानं झालं" असं कुणी कुणाला म्हणू नये.

चुलीचं जरा बोलते, कारण ते आपल्या हातात आहे. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, शेगडी आता बहुतेक घरांत आहे. पण सिलिंडर चहाला आणि पाव्हण्याला, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचं पाणी बंबात. जळण फुकट: शेणी, तुराट्या, चिपाडं. फुकटचं जळण कोण टाकील? मला कळतं ते, सिलिंडरचे पैसे मलाही द्यावे लागतात. निदान बंब परड्यात न्या, भाकरीची चूल कौलाला धुराडं असलेल्या जागी मांडा, आणि लहान पोर मांडीवर घेऊन चुलीपुढं बसू नका. कॅन्सरचं राहू द्या, खोकला आणि डोळ्यांची आग आठ दिवसांत कमी वाटेल. गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसणाऱ्या माणसालाही हेच लागू.

मिसरीबद्दल तीन चिठ्ठ्या आहेत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती मुख्यत्वे तोंडाचा कॅन्सर करते. शेजारच्या सांगली जिल्ह्याचे आर. आर. आबा २०१५ साली तोंडाच्या कॅन्सरनं गेले, ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. सुटत नसेल तर १८००-११२-३५६ या नंबरावर फोन करा. तंबाखू सोडवण्यासाठीच आहे तो, पैसे पडत नाहीत. घरधन्यांची बिडी सोडवायलाही तोच नंबर. बिडी सोडून दहा वर्षं झाली की फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. "आता साठी झाली, आता सोडून काय उपयोग" हे बरोबर नाही.

पुढची चिठ्ठी हुशार ताईची दिसते: "उपकेंद्रात तीस वर्षांवरच्यांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तपासतात. फुफ्फुस का तपासत नाहीत?"

त्याला कारण आहे. आधी वाटायचं की दरवर्षी छातीचा एक्स-रे काढला की कॅन्सर लवकर सापडेल आणि माणसं वाचतील. मोठे अभ्यास झाले, एक्स-रेनं माणसं वाचली नाहीत. मग कमी किरणांचा सीटी स्कॅन आला. अमेरिकेत ५३ हजारांवर माणसांवर अभ्यास झाला, २०११ ला निकाल आला. स्कॅन केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण ती सगळी ५५ ते ७४ वयाची, वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेली माणसं होती. आणि ज्यांच्या स्कॅनमध्ये काहीतरी डाग दिसला, त्यांतल्या शंभरात पंचाण्णवांहून जास्त जणांना कॅन्सर नव्हताच. आपल्याकडं तर जुन्या टीबीचे वण कितीतरी छात्यांत आहेत. प्रत्येक वणापायी सुई, खर्च आणि महिनाभर झोप नाही. म्हणून सरकारनं सरसकट फुफ्फुसाची तपासणी ठेवलेली नाही. जो माणूस वीस-तीस वर्षं दिवसाला बंडलभर ओढतोय त्यानं डॉक्टरांना स्कॅनबद्दल जरूर विचारावं. पण ज्या बाईला काही त्रास नाही, तिनं कुठल्या पॅकेजच्या जाहिरातीला भुलून स्कॅन करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आपल्या हातात उरतं काय? खोकला मोजणं. आणि इथंच आपलं चुकतं. म्हशीनं वैरण कमी खाल्ली तर संध्याकाळपर्यंत डॉक्टर गोठ्यात येतो. बाईचा खोकला मात्र उन्हाळ्यात धुरळ्याचा, पावसाळ्यात गारठ्याचा आणि सुगीत मळणीच्या भुशाचा.

दोन आठवडे. त्याच्यावर खोकला गेला की बाटलीतलं औषध बास, बेडका आणि एक्स-रे तपासायचा. बहुतेक वेळा कॅन्सर निघणार नाही, हे आधीच सांगते. दमा निघेल, साधा संसर्ग निघेल, टीबी निघेल. टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी महिन्याला हजार रुपयेही मिळतात. आणि काही गोष्टींना दोन आठवडेही थांबायचं नाही: बेडक्यात रक्त, अगदी रेघभर असलं तरी, जिना चढताना नव्यानं लागणारी धाप, तोंड-मान सुजणं. आवाज बसून तीन आठवडे झाले, कारण नसताना वजन उतरलं, खांदा किंवा बरगडी रात्री दुखते, एकाच जागी पुन्हा पुन्हा न्युमोनिया होतो, तरीही दाखवायचं. वजनाला काटा लागत नाही. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या की कळतं.

आता एका बाईंचं सांगते. नाव-गाव सांगत नाही. पन्नाशीच्या होत्या, गटात होत्या. खोकला सुरू झाला, तीन महिने अंगावर काढला. एक्स-रेत डाग दिसला. बेडक्यात जंतू सापडले नव्हते, पण डाग बघून टीबीचं औषध सुरू झालं. असं सुरू करावं लागतं कधीकधी, त्यात वावगं नाही. बाईंनी गोळी एक दिवस चुकवली नाही. पण वजन उतरतच गेलं. खोकला तसाच. घरात सगळे म्हणायचे, सहा महिन्यांचा कोर्स आहे, पुरा होऊ दे. पाच महिने असेच गेले. शेवटी सुनेनं सगळे कागद पिशवीत घातले आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटी झाली, सुईनं तुकडा काढला. फुफ्फुसाचा कॅन्सर, आणि पसरलेला. पाच महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, ते कुणीच सांगू शकत नाही. पण ते पाच महिने फुकट गेले एवढं नक्की.

टीबी आणि हा कॅन्सर एक्स-रेत सारखेच दिसू शकतात. खोकला, रक्त, वजन, ताप, लक्षणंही तीच. म्हणून एवढं पाठ करा: टीबीचं औषध लागू पडत असेल तर दोन महिन्यांत भूक लागते, ताप जातो, वजन चढायला लागतं. नाही झालं तर डॉक्टरांपुढं जाऊन सरळ विचारा, "बेडक्यात जंतू सापडले होते का? सापडले नसतील तर दुसरं काही आहे का ते बघूया का?" हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मात्र टीबीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. पुन्हा सांगते, बंद करायची नाही, फक्त विचारायचं.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो", ही चिठ्ठी प्रत्येक गावात येते. या भीतीपायी कितीजण तपासणी अर्धवट टाकून झाडपाल्याकडं गेलेले मी पाहिलेत. तपासणीची सुई टोचून कॅन्सर अंगभर पसरत नाही. तुकडा काढल्याशिवाय तो कॅन्सर आहे की नाही, कुठल्या जातीचा, हे कळत नाही, आणि जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दवाखाना बदलायचा झाला तर एक्स-रे, सीटीच्या फिल्मबरोबर तो ब्लॉकही मागून घ्या. नाहीतर पुन्हा सुई.

त्या बाईंचं पुढं काय झालं ते राहिलं. त्यांच्या तुकड्याची आणखी एक तपासणी केली, ईजीएफआर नावाची. ती जुळली की रोज घरी घ्यायची गोळी चालते. बिडी न ओढलेल्या बायकांत ही तपासणी जुळण्याचं प्रमाण जास्त असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश यांनी अशाच ३५० रुग्णांवर अभ्यास केला. नुसती गोळी दिली तर रोग साधारण आठ महिने आटोक्यात राहिला, गोळीबरोबर केमो दिली तर सोळा महिने. बरा झाला असं नाही म्हणत मी, आटोक्यात राहिला. आमच्या बाई गोळीवर अडीच वर्षं जगल्या, त्यातली दोन वर्षं शेतावर जाऊन आल्या. नातू शाळेत जाताना बघितला. म्हणून डॉक्टरांना विचारायचं: "गोळी चालते का, ती तपासणी केली का?"

रोग एकाच जागी असताना सापडला तर ऑपरेशन होतं, बराही होतो. ऑपरेशन झेपणार नसेल तर लाईट देतात, म्हणजे किरणांचा उपचार. पुढं गेला असेल तर केमो, गोळी. केमोनं केस जातात ते परत येतात. काहीच चालत नाही असं झालं, तरी "घरी न्या" म्हणजे उपचार संपले नाहीत. दुखण्यावर मॉर्फिनची गोळी आहे, छातीत पाणी झालं तर काढता येतं, धाप कमी करता येते. ते मागून घ्यायचं, तो पेशंटचा हक्क आहे.

पैशाचं. गटाकडं आजारपणाचं कर्ज मागायच्या आधी, आणि सावकाराच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या दारात जायच्या तर कितीतरी आधी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि कॅन्सर त्यात आहे. कुठला दवाखाना बसतो ते १५५३८८ वर विचारा. पहिली पायरी म्हणून आपलं सीपीआर आहेच. मात्र निदान होईपर्यंतच्या सगळ्या तपासण्या योजनेत बसतीलच असं नाही. शिवाय गाडीभाडं, बुडालेली मजुरी. गटाचं कर्ज, ग्रामसंघाचा जोखीम निधी खरा उपयोगी पडतो तो इथं: लवकर, थोडा आणि तपासणीसाठी. ऑपरेशनला दोन लाख उभे करण्यापेक्षा स्कॅनला चार हजार आठवड्यात देणारा गट मला जास्त शहाणा वाटतो.

टाटाला जायची वेळ आली तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादरला उतरा. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा दाखला लागतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट तिथं उतरतात.

"पेशंटला सांगावं का?" पुरुषाला सांगतात, बाईला लपवतात, असं मी तरी पाहिलंय. तिला कळतंच हो. लपवलं की ती एकटी पडते. तिला किती ऐकायचंय ते तिलाच विचारून सांगावं. ताट-वाटी वेगळी ठेवायचं कारण नाही, कॅन्सर लागत नाही. टीबीसुद्धा ताटातून लागत नाही, खोकल्यातून हवेनं लागतो.

एक चिठ्ठी मुद्दाम शेवटी ठेवली. अक्षर बारीक आहे. "महिना झाला खोकला आहे. घरात सांगितलं नाही, ऊस तोडणी चालू आहे." जिनं लिहिलीय तिनं आता उभं राहायचं नाही. चहाच्या वेळी माझ्याजवळ यायचं. बेडक्याच्या डब्या मी पिशवीत आणल्यात. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतला बेडका काढायचा, थुंकी नव्हे. डबी आशाताईकडं दिली की ती पुढं पाठवते. एक्स-रेला तुझ्यासोबत गटातली एकजण येईल, अध्यक्षांशी मी बोललेय.