नंदीच्या चाकाला तेलाचा थेंब



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसवलेला लाकडी नंदी ओढत मुले घरोघरी बोजारा मागत हिंडतात. एका वर्षी अमरावतीत आमच्या गल्लीतल्या एका पोराचा नंदी काही केल्या चालेना. चाके फिरायचीच नाहीत, नुसती घासत यायची. पोरगा थांबला की नंदीही जागच्या जागी उभा. शेवटी त्याच्या आबाजींनी आसाला तेलाचे दोन थेंब सोडले. पोरगा पुन्हा धावला आणि एकदम थांबला, तर नंदी मागून येऊन त्याच्या टाचेवर आदळला! पोरगा ओरडला, "आबाजी, थो त आपल्या मनानंच येऊन रायला!"

श्रोतेहो, या वाक्याला हसू नका. दोरी सैल पडली, ओढणारे कोणी उरले नाही, तरी नंदी येतच राहिला. गतिशास्त्राचा पहिला धडा त्या पोराच्या टाचेला कळला होता.

आता दुसरी गोष्ट सांगतो. कॉलेजात आलेल्या मुलांना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. पायडल मारणे थांबवले, तर सायकल थोड्या वेळाने का थांबते? बहुतेक जण सांगतात, "सर, तिच्यातला जोर संपतो." याच मुलांनी न्यूटनचा पहिला नियम परीक्षेत अक्षरशः बरोबर लिहून गुण मिळवलेले असतात. नियम वहीत राहिला आणि मनात जुनीच समजूत राहिली. यात दोष मुलांचा नाही. मीसुद्धा कित्येक वर्षे फळ्यावर नियम लिहून पुढच्या धड्याकडे वळत असे.

म्हणून शिक्षक मित्रांनो, माझी विनंती अशी की नियम सांगण्याआधी मुलांकडून एक गाडी करून घ्या. खर्च जवळजवळ काही नाही. वहीचा जाड पुठ्ठा ही गाडीची साटी. जुन्या चपलेच्या तळातून कापलेल्या चार गोल चकत्या ही चाके. बांबूची सरळ काडी हा आस. संपलेल्या बॉलपेनची नळी पुठ्ठ्याखाली चिकटवा आणि आस तिच्यातून ओवा. तो नळीत मोकळा फिरला पाहिजे, चाके मात्र आसावर घट्ट बसली पाहिजेत. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे अशीच टाकाऊ वस्तूंची खेळणी मुलांना शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक फळी विटेवर तिरपी टेकवा. गाडी दर वेळी त्याच खुणेपासून सोडायची, ढकलायची नाही. खाली एकदा फरशी, एकदा तरट, एकदा वाळू. सोडण्याआधी प्रत्येकाला विचारा, कुठवर जाईल? उत्तरे फळ्यावर लिहा. मग दोरीने अंतर मोजा. मग विचारा, फळीवरून उतरताना गाडीचा वेग तर दर वेळी सारखाच होता. मग वाळूत ती लवकर का थांबली? जोर संपला म्हणावे, तर तो वाळूतच लवकर का संपावा? इथे मुले गप्प होतात. ती शांतता मोडू नका. एखादे पोर हळूच म्हणेल, "वाळूनं अडवली." झाले! घर्षण त्याला सापडले. मग पुढचा प्रश्न टाका, अडवणारे काहीच नसेल तर? गॅलिलिओने असाच विचार केला होता. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर यान आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे धावत आहे, आणि त्याला पुढे ढकलणारे इंजिन चालू नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीला दोरी बांधा, दोरीच्या टोकाला एक खडा बांधून तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडा. रिकामी गाडी झटकन पळेल. तिच्यात मूठभर वाळू टाका. खडा तोच, पण गाडी रेंगाळत निघेल. तिसऱ्या दिवशी गाडीवर मातीची बाहुली उभी करा. गाडीला हिसका दिला की बाहुली मागे पडते, गाडी भिंतीला आदळली की पुढे. एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

एवढे झाल्यावर न्यूटनचे नाव घ्या. १६८७ साली छापलेले ते नियम मग मुलांना परके वाटणार नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा. फळ्यावरचा चुकलेला अंदाज पुसू नका आणि त्याबद्दल कुणाला हसू देऊ नका. त्यात तुमचाही अंदाज लिहा. तो चुकला, तर वर्गासमोर "माझं चुकलं" असे म्हणा. गुरुजी चुकले आणि गाडी खरी ठरली, हे ज्या पोराने एकदा पाहिले, ते पुढे कुणाच्याही सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

शेतकरी बंधूंनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. बंडी जुंपण्याआधी तुम्ही आसाला ओंगण घालता. का घालता, ते शेजारी उभ्या असलेल्या पोराला विचारा. उत्तर सांगू नका, विचारा. आपल्या बापाच्या हातात असलेली विद्या आणि शाळेच्या पुस्तकातली विद्या एकच आहे, हे त्याला त्या दिवशी उमगेल. ज्याला ते उमगले, त्याला विज्ञान हे शहरातल्या मुलांचे काम वाटणार नाही.

आणि येत्या तान्ह्या पोळ्याला नंदीच्या चाकात तेलाचे दोन थेंब जरूर सोडा. टाच मात्र सांभाळा!