अर्धे हसू



हसण्याचे फायदे या विषयावर मी बोलणार असे घरी सांगितले, तेव्हा सगळेच हसले. “आई, आधी तू हसतेस केव्हा ते सांग,” असे धाकटे चिरंजीव म्हणाले. त्याचे अगदीच चुकले नव्हते.

आमच्या लहानपणी मुलगी मोठ्याने हसली की आजी दटावी, “दात काय काढतेस?” हसायचेच तर तोंडाला पदर लावून. ती सवय अंगात इतकी मुरली, की काळेवाडीत राहावयास आल्यावर जिन्यात शेजारीण भेटली तरी मी खाली मान घालून जाई. इथे कोणी बीडची, कोणी लातूरची, कोणी खानदेशातली. कारखान्यांतल्या नोकरीपायी सगळी बिऱ्हाडे आलेली. ना नाते, ना गाव. ओळख व्हायची ती चेहऱ्यावरूनच.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी एकाच बाजूने ओघळू लागले. आरशात पाहते तो डावा डोळा मिटेना, तोंड वाकडे! सासूबाई म्हणाल्या, वारा लागला असेल, शेकून बघ. ह्यांनी मात्र सरळ डॉक्टरांकडे नेले. हा अर्धांगवायू नव्हे, चेहऱ्याची नस सुजली आहे, असे निघाले. या दुखण्यात गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. म्हणून सांगते, तोंड अचानक वाकडे झाले तर शेकत बसू नका. त्यातून हातापायांतले बळ गेले किंवा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

बरी व्हायला तीन महिने लागले. हसायला जावे तर अर्धाच चेहरा हसे. शेजारचे पोर मला पाहून आईला बिलगले, त्या दिवसापासून मी दार लावून घेतले. हळदीकुंकू बंद, भाजीलाही मुलगी जाई.

एके दुपारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी खिचडी घेऊन आल्या. दोन वर्षांत मी त्यांना कधी हसून ओळख दिली नव्हती. त्या म्हणाल्या, “आम्हांला वाटायचे, तुम्हांला आमचा शेजार पसंत नाही.” मी काही सांगू गेले, तो तोंडातला चहा पदरावर! मला हसू आले, वाकडेच. मग त्याही हसू लागल्या. दोघींच्या डोळ्यांना पाणी येईतो हसलो. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

हसण्याने दुखणे गेले असे मी म्हणणार नाही. ते औषधाने व वेळाने गेले. परंतु मोकळे हसले की श्वास खोल जातो, अंग सैल होते, एवढे खरे. मुलीने मला वाचून दाखविले, की रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या हसण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांचे पुस्तक 2000 साली निघाले. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे 30 पट अधिक हसतो, आणि तेही बहुधा विनोदावर नव्हे, साध्या बोलण्यावर!

मुंबईस डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या एका बागेत पाच जणांनिशी हास्य क्लब काढला. आरंभी विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, टोचणारे व ओंगळ विनोद येऊ लागले, तक्रारी झाल्या. तेव्हा त्यांनी विनोदच वगळले व नुसते हसण्याचा व्यायाम सुरू केला. मला हे फार पटले. निम्मे विनोद बायकोच्या नाहीतर सासूच्या नावावरच खपतात!

दुःखातल्या बाईला “हस ग” म्हणणारी मी नव्हे. तिच्याजवळ आधी बसावे.

अजूनही दमले की माझा डावा ओठ जरा मागे राहतो. जिन्यात तसा दिसला तर रागावू नका हं, मी हसतेच आहे.