विश्रांतीनंतरचे उपचार
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रुग्णालयातील माझे काम जमाखर्चाचे. तरीही आज एका वैद्यकीय विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण तो विषय अखेर हिशेबाच्या वहीपाशीच येऊन थांबतो.

आपल्याकडे हृदयशस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ तीन महिन्यांनी तपासणीस आले. जखम भरली होती, सर्व अहवाल समाधानकारक होते. परंतु घरची मंडळी त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत. चार पावले चालले की दम लागे, आणि दम लागला की त्यांना पुन्हा पलंगावर बसविले जाई. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. माणूस मात्र अंथरुणातच राहिला होता. दोष कुटुंबाचा नव्हता. घरी पाठविताना आपण ‘काळजी घ्या’ एवढेच सांगितले होते. किती व कसे चालावे हे शिकविणारे आपल्याकडे कोणी नव्हते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर चार ते सहा आठवडे अंथरुणावर पडून राहावे, असा एकेकाळी वैद्यकशास्त्राचाच दंडक होता. १९५२ साली अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि या दंडकाला धक्का बसला. आज योग्य देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या हृदयरुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी होतात, हे अनेक अभ्यासांवरून मान्य झाले आहे. आपल्या देशातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेला योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू, नवा झटका अशा घटनांत निश्चित फरक सिद्ध झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र योगाधारित पुनर्वसन घेतलेले रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले.

हा व्यायाम म्हणजे व्यायामशाळेतील कसरत नव्हे. प्रथम सपाट मार्गिकेत रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालतो हे मोजतात. त्यावरून, आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून, व्यायामाची मात्रा ठरते. काही औषधांमुळे नाडीची गती पुरेशी वाढत नाही. अशा वेळी केवळ नाडीवर विसंबता येत नाही. रुग्णाला श्रम किती जाणवतात, चालताना सलग बोलता येते की नाही, हे पाहावे लागते. व्यायाम एकदम थांबविल्यास रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते, म्हणून वेग हळूहळू कमी करतात. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाची साखर आधी तपासावी लागते. छातीत दुखू लागल्यास तत्काळ थांबावे लागते. हे सर्व जाणणारी व्यक्ती शेजारी असणे, हाच या उपचाराचा गाभा आहे.

आता हिशेबाकडे येतो. यंत्र घेतले की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे वेतन मात्र दरवर्षीचा खर्च ठरते, आणि त्यावर पाटी लावता येत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. परंतु चालायला शिकणारा रुग्ण खाट अडवीतच नाही. त्याची नोंद कोठे करावयाची?

वेतनाव्यतिरिक्त रुग्णाच्या येण्याजाण्याचा खर्चही असतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला आठवड्यातून तीनदा येणे परवडत नाही. तो दुसऱ्या आठवड्यातच गळतो. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे की, या कामासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातून वेतन व गरजू रुग्णांचे भाडे भागवावे. देणगीदारांनी एखाद्या वर्षी यंत्राऐवजी या निधीचा विचार करावा.

नातेवाईकांना एवढेच सांगणे आहे : रुग्णास आपल्या मनाने पळवू नका आणि आपल्या मायेने बसवूनही ठेवू नका. डॉक्टरांना विचारा. ते गृहस्थ आता वरच्या मजल्यावरील देवघरापर्यंत स्वतः जिना चढून जातात. आपल्या वहीत ही जमा कोठेच दिसत नाही. पण ती जमाच आहे.