गोळी, घड्याळ आणि डावी कूस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांना वाटलं होतं, मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन. पण आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो आहोत. आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "ॲसिडिटीवर कुठली गोळी चांगली?" खाली दहा जण दहा गोळ्या सांगतात आणि त्या दहांत डॉक्टर एकही नसतो. मीही डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. पण हा त्रास मला होता. त्यावर रीतसर उपचार झाले, आणि धंद्याच्या सवयीने मी प्रत्येक गोष्टीमागचं "का?" डॉक्टरांना विचारून घेतलं. तेच आज सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पोटात आम्ल असणं हा आजार नव्हे. ते असायलाच हवं. जठराला आतून संरक्षक अस्तर असतं, म्हणून तिथे ते सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. दोघांच्या मध्ये स्नायूंची एक झडप असते. घास खाली उतरला की तिने मिटायचं. ती सैल पडली किंवा नको तेव्हा उघडली, की आम्ल वर येतं. मग छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, रात्री कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज. म्हणजे आम्ल नेहमी जास्तच असतं असं नाही, बहुतेक वेळा ते चुकीच्या जागी असतं.

आता औषधं. पातळ अँटासिड किंवा इनो हे तयार झालेलं आम्ल मारतात. आराम लगेच मिळतो, पण थोडाच वेळ टिकतो. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आलं. आपली पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही त्याचीच भावंडं. आम्ल तयार करणारे जठरातले सूक्ष्म पंपच ती बंद करतात. हे पंप जेवणाच्या वेळी कामाला लागतात, म्हणून ही गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची. भरल्या पोटी, जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही.

मला आठ आठवड्यांचा कोर्स दिला होता. गुण छान आला. पण गोळी झडप दुरुस्त करत नाही. आमच्याकडे सर्व्हरचा धोक्याचा भोंगा बंद केला म्हणून बिघाड निघाला असं कुणी मानत नाही, तसंच हे.

ही गोळी बंद करतानाही एक गंमत होते. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कसलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाला आठ आठवडे अशी गोळी दिली, दुसऱ्याला नुसतीच साखरगोळी. गोळी थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास जाणवला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. दाबून ठेवलेले पंप सुटल्यावर काही दिवस जोरात चालतात. आपल्याला वाटतं, आजार परत आला. मग पुन्हा गोळी, आणि अशी वर्षं जातात. म्हणून माझ्या डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली, आधी रोज, मग एक दिवसाआड, मग बंद.

याचा अर्थ इथून घरी जाऊन गोळ्या फेकून देऊ नका. अन्ननलिकेला जखमा असतील, किंवा रोज ॲस्पिरिन घ्यावी लागत असेल आणि रक्तस्रावाची भीती असेल, तर ही गोळी दीर्घकाळ लागू शकते. पण वर्षानुवर्षं घेत असाल तर डॉक्टरांना विचारा, "अजून लागते का? बी-१२ तपासू का?" शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच, कारण आपलं बी-१२ आधीच काठावर असतं.

मला खरा फरक पडला तो घड्याळाने. माझं काम अमेरिकेच्या वेळेला बांधलेलं. रात्री साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण. आता जेवण साडेसातला, मीटिंगच्या आधी. जेवण आणि झोप यांत तीन तास. आपल्या आज्या दिवेलागणीनंतर लगेच पानं मांडायच्या, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरं म्हणजे पलंगाच्या डोकीकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांच्या विटा. उशीवर उशी नको, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. तिसरं, डाव्या कुशीवर झोपणं. तसं झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं. 'वामकुक्षी' या शब्दात डावी कूसच आहे, आपण फक्त दुपारची झोप लक्षात ठेवली! चौथं, पोटाचा घेर. पाच किलो वजन उतरलं तेव्हा गोळी सुटणं सोपं गेलं.

आणि तांबडा-पांढरा? मिसळ? सगळं सोडावं लागत नाही. कशाने त्रास होतो ते माणसागणिक वेगळं. मी महिनाभर वहीत लिहून ठेवलं. मला मिसळ सकाळी चालते, तोच कट रात्री चालत नाही. गंगावेशीतलं धारोष्ण दूध रात्री पिऊन गार वाटतं खरं, पण दुधाने थोड्या वेळाने आम्ल पुन्हा वाढतं. तंबाखू आणि दारूबद्दल मात्र वही लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, रक्त कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर गोळी बदलत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

माझ्या काकांच्या छातीत एका रात्री जळजळ होऊ लागली. घाम आला होता. ॲसिडिटीच असेल म्हणून ते सोडा पिऊन झोपले. तो हृदयविकाराचा झटका होता. सकाळी ते उठले नाहीत. छातीवर दाब, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालताना वाढणारा त्रास, यांना ॲसिडिटी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. तो ईसीजी पाहून डॉक्टरांनी ठरवायचा. बायकांमध्ये तर कधी नुसती मळमळ आणि थकवाच दिसतो. अशा वेळी सोडा नको, १०८ ला फोन करा.

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "कुठली गोळी?" विचारलं, तर गोळीचं नाव सांगू नका. उलट विचारा, "किती दिवसांपासून? रात्री किती वाजता जेवतोस? घाम येतोय का?" हे तीन प्रश्न आपल्यापैकी कुणालाही विचारता येतात. त्यांतल्या शेवटच्याचं उत्तर "हो" आलं, तर पुढचा मेसेज टाईप करत बसू नका, सरळ त्याच्या घरी फोन लावा.