नाताळचें झाड आणि बोरीवलींतील घरें

नाताळ हा शब्द पोर्तुगिजांचा. परंतु साष्टी आणि वसईकडील मराठींत तो इतका मुरला आहे कीं, त्याचें परकेपण आतां कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. नाताळच्या झाडाची गोष्ट मात्र निराळी आहे. डिसेंबरांत बोरीवलीच्या ख्रिस्ती घरांतून दिव्यांनीं झगमगणारें झाड पाहून, तें पोर्तुगीज अमदानीपासूनच तेथें उभें असावें असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः त्या घरांतला वडीलकीचा मान झाडाचा नव्हे, गोठ्याचा आहे. झाड हा मागाहून आलेला पाहुणा होय.

गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा मांडलेला देखावा. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्यो या गांवीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें गव्हाण, बैल आणि गाढव यांसह हा प्रसंग लोकांपुढें उभा केला, आणि तेथून ही प्रथा पसरली असें मानितात. सोळाव्या शतकाच्या मध्यास मंडपेश्वराच्या लेण्यांपाशीं जे पोर्तुगीज धर्मोपदेशक येऊन राहिले, ते याच फ्रान्सिसच्या संघाचे. त्यांपैकीं अंतोनियो दो पोर्तो यानें शैव लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें. लेण्याच्या दृष्टीनें ही गोष्ट आनंदाची नव्हती, हेंही येथें सांगितलें पाहिजे. लेण्यावर पुढें मठ उठला. त्याच्या पडक्या भिंती आज दिसतात. १७३७ त साष्टी मराठ्यांनीं घेतली, १७३९ त वसई पडली, पोर्तुगीज गेले. परंतु फ्रान्सिसच्या शिष्यांनीं ज्यांना धर्म शिकविला, त्यांच्या घरांत गोठा रुजला यांत नवल तें काय? शिवाय हीं माणसें भात पिकविणारीं. पेंढा घरचा, माती शेतांतली. डिसेंबरच्या आरंभीं वाटींत किंवा पत्र्याच्या डब्यांत गहू वा नाचणी पेरावी, नाताळापर्यंत हिरवे कोंब वर यावे आणि तेंच गोठ्यापुढचें कुरण व्हावें, ही रीत पाहून शेजारच्या हिंदू घरांतल्या बाईला आपल्या घटस्थापनेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

झाडाचें कुळ वेगळें. १६०५ सालच्या एका टिपणांत, स्ट्रासबुर्ग शहरांतील लोक नाताळांत घराच्या बैठकींत फरचें झाड उभें करून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदें आणि गोड पापड्या टांगतात, असा उल्लेख आहे. ही जर्मन चाल मुख्यतः प्रॉटेस्टंट घरांतून वाढली, आणि म्हणून कॅथलिक मंडळी तिच्याकडे बराच काळ जरा दुरूनच पाहत. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पति आल्बर्ट हीं मुलांसह झाडाभोंवतीं उभीं आहेत असें चित्र १८४८ त लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत छापलें गेलें, तेव्हां इंग्लंडांत ती चाल घरोघर गेली. उलट, खुद्द रोममध्यें संत पीटरच्या चौकांत पहिलें नाताळचें झाड उभें राहिलें तें १९८२ सालीं! म्हणजे या बाबतींत बोरीवलीचीं कित्येक घरें पोपच्या पुढें होतीं.

याचें कारण इंग्रजी अंमल. उत्तर कोंकणांतील हे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक रेल्वेंत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या करूं लागले. गोवें आणि मंगळूर येथून आलेल्या धर्मबंधूंहून आपण निराळे, येथलेच, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं १८८७ त, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. इंग्रजी शाळा, सचित्र मासिकें, शुभेच्छेचीं कार्डें यांच्या वाटेनें झाडही ओट्यावर आलें. मात्र चित्रांतला फर बोरीवलींत कोठून मिळावा?

येथें सुरू कामास आला. वाळू धरून ठेवण्यासाठीं कोंकणच्या किनाऱ्यावर सुरूचीं बनें लावलेलीं आहेत; गोराई-मनोरीकडे तीं दिसतात. सुरू हा पाइनचा सोयरा मुळींच नव्हे. ज्यांना आपण त्याच्या सुया म्हणतों, त्या पानें नसून बारीक सांध्यांच्या डहाळ्या आहेत; खरीं पानें त्या सांध्यांभोंवतीं खवल्यांसारखीं चिकटलेलीं असतात. ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशिया यांच्या किनाऱ्यांवरचें हें झाड पाइनचा वेष घेऊन येथें उभें आहे, इतकेंच. फांदी खाडीपलीकडून आणावी, वाळूनें भरलेल्या डब्यांत खोंचावी, डब्याला पतंगी कागद गुंडाळावा. ती मऊ, जरा वांकलेली असे. जड कांचेचे गोळे तिला पेलत नसत. म्हणून कागदी सांखळ्या, चंदेरी कागदाच्या चांदण्या आणि बर्फाच्या जागीं कापूस. ज्या गांवांत बर्फ कधीं पडला नाहीं आणि पडणार नाहीं, तेथें मुलें मोठ्या गांभीर्यानें कापूस पिंजीत बसत.

पुढें फांदी दुर्मिळ झाली. १९७५ च्या कायद्यानें शहरांतील झाड परवानगीवांचून तोडणें गुन्हा ठरलें. कांहीं घरांनीं कुंडींतलें ॲरॉकेरियाचें रोप घेतलें. आपल्याकडे या नांवाखालीं पुष्कळदां न्यू कॅलेडोनियांतील जात मिळते. तिची एक गंमत आहे: ती जेथें लावावी तेथें विषुववृत्ताकडे कलते, असें संशोधकांनीं २०१७ त प्रसिद्ध केलें; म्हणजे बोरीवलींत ती दक्षिणेकडे झुकावयाची. बाकीच्यांनीं खोक्यांतलें प्लास्टिकचें झाड घेतलें. त्याला नांवें ठेवण्याची हल्लीं चाल पडली आहे. ती सर्वस्वीं न्याय्य नाहीं. खुद्द जर्मनींत एकोणिसाव्या शतकांतच हंसाचीं पिसें हिरवीं रंगवून तारेवर गुंडाळलेलीं झाडें होऊं लागलीं होतीं, आणि सुरूची फांदी तरी खऱ्या फरची नक्कलच होती.

खरा पालट झाडांत नव्हे, तें कोठें उभें राहतें यांत झाला. असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. गांवठाणांतलें कौलारू घर, पुढें ओटा. तीन भाऊ, एक बहीण, आणि सर्वांत मिळून एकच झाड. फांदी थोरल्यानें आणावयाची, डबा धाकट्यानें भरावयाचा, सजावटीची बिस्किटांची जुनी पेटी आजीनें उघडावयाची, आणि शेंड्यावरची चांदणी सर्वांत लहान मुलानें कोणाच्या तरी खांद्यावर बसून लावावयाची. नेवऱ्या आणि कलकल तळण्याचा वास त्याच ओट्यावर. पुढें घर पाडलें, त्या जागीं इमारत उठली, चौघां भावंडांना चार मजल्यांवर जागा मिळाल्या. पहिल्याच डिसेंबरांत चार घरांत चार झाडें उभीं राहिलीं, प्रत्येक झाड जुन्या फांदीहून सरळ, हिरवें व देखणें. चोवीस तारखेच्या रात्रीं चर्चमधून परतल्यावर जो तो आपापल्या झाडापाशीं बसला. आजीनें तक्रार केली नाहीं. “मीं कोणाच्या घरीं बसूं?” एवढेंच तिनें विचारलें.

पुढच्या वर्षीं तिनें गोठ्यांतल्या मातीच्या मूर्ती वांटून टाकल्या. मरिया आणि योसेफ थोरल्याकडे, मेंढपाळ व मेंढरें मुलीकडे, तीन राजे मधल्याकडे, बैल आणि गाढव धाकट्याकडे. बाळ येशू तिनें आपल्या पेटींत ठेवला. आतां अर्धाच गोठा कोणाला मांडतां येईना. सुनांनीं प्रथम नवा संच विकत आणण्याचा विचार केला. पण म्हातारीसमोर तो उघडण्याची हिंमत कोणाला झाली नाहीं. मग चोवीस तारखेस चारी घरें एका मजल्यावर जमूं लागलीं, प्रत्येकाच्या हातांत कागदांत गुंडाळलेला आपला वांटा. मजला दर वर्षीं बदलावयाचा, असें ठरलें; त्यामुळें झाडेंही आळीपाळीनें मानाचीं झालीं.

धाकट्याचा मुलगा कॅनडांत निघाला, तेव्हां आठवण म्हणून बैल बरोबर नेऊं का, असें त्यानें विचारलें. आजीनें नेऊं दिला नाहीं. “तुला तिथें झाड खरें मिळेल, तें घे,” ती म्हणाली. त्यानें तेथून पाठविलेल्या छायाचित्रांत फर खरा होता, खिडकीबाहेर बर्फही खरें होतें. आजीनें तें बराच वेळ पाहिलें आणि, फांद्या फार ताठ आहेत, असा अभिप्राय दिला.

बाळ येशू गव्हाणींत अजून तीच ठेवते, आणि तेंही उपासनेहून परतल्यावरच. गोठ्यामागें गोराईच्या वाळूवर पडलेली सुरूची एखादी वाळकी डहाळी कोणीतरी उचलून आणून लावतें. गोराईचें चर्च तीन राजांचेंच. त्यांचा सण जानेवारीच्या आरंभीं येतो, तोंवर सारें जागच्या जागीं राहतें. नंतर झाड मोडून खोक्यांत जातें, खोकें माळ्यावर जातें, आणि राजे, मेंढरें, बैल, गाढव आपापल्या मजल्यांवर परततात.