पाण्याचा दाब आणि लाकडाचा जीव

अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ वितळून एप्रिल उजाडला की घरोघरची माणसं मागच्या अंगणातल्या डेकवर पाऊल ठेवतात आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. डेक म्हणजे घराला लागून बांधलेला, वरून उघडा असा लाकडी फळ्यांचा ओटा. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांच्या उन्हाळी गप्पाही त्यावरच रंगतात. काही हिवाळे सोसलेल्या या फळ्या करड्या पडलेल्या असतात. सावलीच्या बाजूला शेवाळ धरलेलं असतं, खिळ्यांभोवती काळे डाग उमटलेले असतात. मग फोन जातो तो प्रेशर वॉशरवाल्या कंत्राटदाराला.

या धंद्यात शिरणं सोपं आहे आणि अडचण तीच आहे. पेट्रोलवर चालणारं यंत्र, ते वाहून न्यायला एक गाडी आणि वाटायला थोडी पत्रकं, एवढ्या भांडवलावर काम सुरू होतं. आपण पाण्याचा दाब विकतो, असं नवखा माणूस धरून चालतो. जितका जोर जास्त तितकं काम झटपट, हा त्याचा हिशेब. जाणता कंत्राटदार नेमका उलटा विचार करतो. मळ सोडवायचं काम द्रावणाचं, सुटलेला मळ वाहून न्यायचं काम यंत्राचं. या धंद्यातलं सगळं बरंवाईट या एका समजुतीवर ठरतं.

लाकूड करडं का पडतं, हे पाहिलं की कारण कळतं. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. उन्हातले अतिनील किरण त्याला मोडतात आणि मोडलेला लिग्निन पाऊस धुऊन नेतो. मागे उरतात ते सेल्युलोजचे सैल तंतू आणि त्यांवर वाढलेली बुरशी. हा थर अतिशय पातळ असतो, त्याच्याखाली लाकूड ताजंच असतं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून लाकडाचा अभ्यास करते आहे. ऊनपावसाने मऊ लाकडाची झीज शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर होते, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज. हा आकडा प्रत्येक कंत्राटदाराने पाठच करून ठेवावा. फळीवर एक मिलिमीटरचा चर पडला, तर निसर्गाने सोळा-सतरा वर्षांत केली असती तेवढी झीज माणसाने एका फटक्यात केली.

आणि तो चर पडतो कसा, हेही जवळून बघण्यासारखं आहे. पाइनच्या फळीत वसंतातली वाढ मऊ असते आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धातली कठीण. जोरदार झोत मऊ पट्टे खरवडून काढतो, कठीण रेषा तशाच उभ्या राहतात. ओल्या फळीवर हे लक्षात येत नाही. दोन दिवसांनी फळी वाळते, तंतूंची लव उभी राहते, अनवाणी पायाला कुसं टोचतात आणि मालकाचा फोन येतो. हे नुकसान झाकायला कोणतंही तेल पुरत नाही. सगळा ओटा पॉलिशपेपरने घासावा लागतो आणि त्या दिवसांची मजुरी कंत्राटदाराच्या खिशातून जाते.

भाड्याने मिळणारी यंत्रं सर्रास दोन-तीन हजार पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाबाची असतात. पाइन आणि सीडरसाठी पाचशे-सहाशे पुरतात. टणक लाकूड असेल, तर हजार-बाराशेपर्यंत जायला हरकत नाही. नोझलचे रंगही ठरलेले आहेत. लाल म्हणजे शून्य अंशाचा सरळ झोत, तो लाकडाच्या जवळही आणू नये. पिवळा पंधरा अंशांचा, हिरवा पंचवीसचा, पांढरा चाळीसचा. लाकडाला पांढराच बरा, फार तर हिरवा. चाप फळीवर नेम धरून कधी ओढायचा नाही. झोत हवेत सुरू करायचा, मग हळूच खाली आणायचा, फुटभर अंतर राखून फळीच्या लांबीने एका चालीत न्यायचा आणि टोकापाशी पुन्हा उचलायचा. मध्येच हात थांबला की तिथे डाग राहतो आणि तेल लावल्यावर तो जास्तच उठून दिसतो. सुरुवात कुणाच्या नजरेस न येणाऱ्या कोपऱ्यातल्या फळीपासून करावी.

आता द्रावणाकडे वळू. करड्या पडलेल्या, पण जुना रंग फारसा न उरलेल्या लाकडाला सोडियम परकार्बोनेट उत्तम. पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. फेस येतो, मळ सुटतो. दहा-पंधरा मिनिटं ते लाकडावर ओलं राहिलं पाहिजे, म्हणून भर दुपारच्या उन्हात हे काम काढू नये. जुन्या स्टेनचे, म्हणजे लाकडाला लावायच्या रंगाचे, थर काढायचे असतील, तर सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. त्याने सीडर आणि रेडवूड काळवंडतात आणि अननुभवी माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. त्यानंतर ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक आम्लाचं पाणी फिरवलं की अल्कलीचा अंमल उतरतो आणि रंग उजळतो. खिळ्यांभोवतीचे काळे डागही ऑक्झॅलिक आम्लानेच जातात, कारण ते लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगातून झालेले असतात. ब्लीचने बुरशी मरते, पण हे डाग हलत नाहीत. ब्लीच कडक झालं, तर लिग्निनवरही घाला येतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्हींच्या बादल्या, ब्रश आणि फवारे कायम वेगळे ठेवायचे. अंगणातली झाडं आधी आणि नंतर साध्या पाण्याने भिजवायची.

मात्र कोणतीही बादली कालवण्याआधी समोरचं लाकूड कोणत्या काळातलं आहे, हे विचारलंच पाहिजे. अमेरिकेतले २००४ पूर्वीचे पुष्कळ डेक सीसीए या परिरक्षकात मुरवलेल्या लाकडाचे आहेत. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. ही प्रक्रिया १९३३ मध्ये शोधली ती सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने. जगभरचे विजेचे खांब आणि कुंपणं तिने किडीपासून वाचवली, हे श्रेय मोठंच आहे. पण आर्सेनिकमुळे २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबवलं. अशा डेकवर ब्लीच किंवा कडक रसायनं वापरली, तर विषारी घटक मोकळे होण्याचा धोका असतो. तिथे साबणपाणी, मऊ ब्रश आणि मुरणाऱ्या तेलाचा हात, एवढंच करावं. ते लाकूड घासून धूळ उडवू नये, त्याचे तुकडे जाळू नयेत.

रंगवलेल्या भिंती आणि कठडे यांची गोष्ट याहून गंभीर. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, म्हणजे त्याआधीच्या घरात शिसं असू शकतं, असंच समजून चालायचं. एप्रिल २०१० पासून अशा घरांच्या बाहेरच्या बाजूचा वीस चौरस फुटांहून अधिक रंग छेडायचा, तर कंत्राटदाराकडे पर्यावरण संरक्षण संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. झोताने उडालेल्या खपल्या अंगणातल्या मातीत मिसळतात आणि त्याच मातीत मुलं खेळतात. इथे नियम फक्त दंडाच्या भीतीने पाळणारा कंत्राटदार अपुराच म्हणायचा.

धुणं झालं की थांबणं आलं. हा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त चुकवला जाणारा. फळी हाताला कोरडी लागते, पण आत पाणी असतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र फळीत टोचून आकडा पंधरा टक्क्यांच्या खाली आला, तरच तेल उघडावं. चांगल्या हवेत याला दोनएक दिवस लागतात, सावलीत अधिक. मुरणारा अर्धपारदर्शक स्टेन लावून पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेलं तेल पुसून घ्यावं. फळ्यांची कापलेली टोकं पाणी सर्वांत जास्त पितात, म्हणून तिथे दुसरा हात द्यावा. जाड थराचा रंग पायाखालच्या फळीवर लवकरच पापुद्रे सोडतो.

त्या पुसलेल्या चिंध्यांचं काय? २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. लाकडी पॅनेलना झिलई करणाऱ्या कामगारांनी जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तिथेच ठेवल्या होत्या. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता ढीग पेटतो. त्या आगीत तीन अग्निशामक जवान गेले. आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, जिथे पाण्याचे स्वयंचलित फवारे होते. तेव्हापासून या व्यवसायात चिंध्यांचा विषय काढला की फिलाडेल्फियाचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. चिंध्या एकेक पसरून उघड्यावर वाळवाव्यात, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवाव्यात. दिवस कितीही लांबला, तरी हे केल्याशिवाय गाडी हलवू नये.

झोत हाताला लागला, तर बोटावर टाचणीएवढं भोक दिसतं आणि दुखतंही बेताचंच. पण पाणी आत मांसापर्यंत शिरलेलं असतं, म्हणून पट्टी बांधून काम चालू ठेवण्याऐवजी थेट रुग्णालय गाठावं. पेट्रोलचं यंत्र गॅरेजच्या आत चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रसायनाचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नये, कारण ते बहुधा शुद्धीकरण न होता ओढ्याला मिळतं.

कोकणात आणि गोव्यात आता मुक्कामाच्या घरांपुढे असे लाकडी ओटे दिसतात आणि धुणारी यंत्रंही तिथे पोचली आहेत. अमेरिकेतलं वेळापत्रक मात्र तिथे उपयोगाचं नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड हवेतूनच ओलावा घेतं आणि मीटरवरचा आकडा उतरायचं नाव घेत नाही. धुणं आणि तेलपाणी दिवाळीनंतर काढावं आणि मे महिन्याच्या मध्याला संपवावं. दर ठरवताना नुसत्या जमिनीच्या चौरस फुटांवर जाऊ नये. कठड्याच्या उभ्या पट्ट्यांना चारी बाजू असतात आणि निम्मा दिवस तिथेच जातो. कामाआधी प्रत्येक फळीचा फोटो घ्यावा. कुजलेल्या फळ्या आणि वर आलेले खिळे मालकाला दाखवून कागदावर नोंदवावेत, आणि पावसाने दिवस गेला तर तारीख पुढे सरकेल हे त्याच कागदावर लिहून त्याची सही घ्यावी.