नाचणाऱ्यांसाठीचं पारितोषिक



स्वागताध्यक्षाने चहा, खोल्या आणि माइकच्या वायरी बघाव्यात, भाषण आवरतं घ्यावं. म्हणून बंद पडलेल्या एकाच पारितोषिकाची गोष्ट सांगतो.

4 मे 1959 रोजी अमेरिकेत पहिली ग्रॅमी पारितोषिकं दिली गेली. त्यांत डान्स बँडसाठी वेगळा विभाग होता. तो काउंट बेसींनी 'बेसी' या रेकॉर्डवर जिंकला. वेष्टनावर अणुस्फोटाचा ढग. आत मात्र 'लिल डार्लिन'सारखी संथ चीज. नील हेफ्टींनी ती जलद बांधली होती, बेसींनी लय उतरवली. मी ट्रम्पेटवाला. त्या संथपणात सगळ्या ब्रासने एका श्वासात स्वर सोडायचा म्हणजे काय, ते ओठांना विचारा!

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा सोहळा झाला. या वेळी मान ड्यूक एलिंग्टन यांचा, 'अ‍ॅनॅटमी ऑफ अ मर्डर'साठी. खुनाच्या खटल्यावरच्या चित्रपटाचं संगीत आणि पारितोषिक नाचाच्या बँडचं! त्यावर कोण नाचलं असेल, देव जाणे. पुढे विभागाचं नाव बदलत 'नाचासाठीचा ऑर्केस्ट्रा' झालं. 1963 मध्ये जो हार्नेल यांच्या बोसा नोव्हाला ते मिळालं, 1964 मध्ये पुन्हा बेसींना, आणि विभागच मिटला. सहा वेळा दिलं गेलं, त्यांतले तीन बेसींचे.

त्याच 1964 च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले होते. पण दोष त्यांच्या माथी मारू नये. पंधरा-सोळा माणसांचा ताफा गावोगाव फिरवणं युद्धानंतरच परवडेनासं झालं होतं, डान्स हॉल ओस पडत होते. माझ्या मते हे पारितोषिक म्हणजे वरात घरी पोचल्यावर बोलावलेले वाजंत्री.

आपल्या मुंबईत हॉटेलांत नाचासाठी वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना सिनेमाने हात दिला. चिक चॉकलेट यांची ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, 1951 मध्ये, अशीच आली. त्या वादकांतले कितीतरी जण श्रेयनामावलीत नव्हतेच.

असो. जेवण मागच्या मांडवात आहे. रात्री आठला वादन. पुढच्या चार रांगांच्या खुर्च्या आम्ही मुद्दाम उचलून ठेवल्या आहेत. मंडपवाल्याला वाटलं, माणसं कमी येणार आहेत.